दस्तऐवज चार हजार, उघडणारं कुणी नाही

प्रश्न: आमची साठ वकिलांची फर्म आहे. बहुतेक काम कंपन्यांच्या करारांचं, थोडं भाडेपट्ट्यांचं, आणि एक छोटी लिटिगेशन टीम. मी सीनियर असोसिएट आहे. दीड वर्षापूर्वी नॉलेज मॅनेजमेंटची, म्हणजे फर्ममध्ये जमलेलं ज्ञान सगळ्यांना वापरता येईल असं ठेवण्याची, जबाबदारी माझ्याकडे आली, नेहमीचं काम सांभाळून. फर्मने नवं डॉक्युमेंट सॉफ्टवेअर घेतलं आणि सगळ्यांना आपापले चांगले ड्राफ्ट त्यात टाकायला सांगितलं. चार हजारांवर दस्तऐवज जमले, पण ते कुणी उघडत नाही. ज्युनियर अजूनही शेजारच्या टेबलावर जाऊन विचारतात. एक ज्येष्ठ पार्टनर तर स्वतःचा एकही ड्राफ्ट द्यायला तयार नाहीत. मॅनेजिंग पार्टनर विचारतात, ‘याचा फर्मला नेमका फायदा काय?’ सहा महिन्यांत उत्तर द्यायचं आहे. त्यातच एआयचं टूल घ्यायची चर्चा सुरू झाली आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी नवे दस्तऐवज गोळा करणं थांबवा. चार हजारांचे पाच हजार झाले, तर शोधणाऱ्याचा त्रास तेवढा वाढेल. आणि जुने चार हजार साफ करायलाही बसू नका. त्यात तुमचे सहाही महिने जातील आणि हाती राहील ती नीट लावलेली अडगळ. त्यांचं काय करायचं ते पुढे येईलच.

मॅनेजिंग पार्टनरांचा प्रश्न रास्त आहे, आणि तो का पडतो हे ओळखलंत तर अर्धं काम झालं. तासावर बिल करणाऱ्या फर्ममध्ये असोसिएटने दहा तासांचं काम सहा तासांत उरकलं, की कागदावर चार तासांचं उत्पन्न घटतं. ‘आम्ही वेळ वाचवतो’ असं तुम्ही म्हणता तेव्हा त्यांना ऐकू येतं, ‘आम्ही बिल कमी करतो.’ म्हणून तुम्हाला असे तास शोधायचे आहेत, जे फर्म आजही खर्च करते पण ज्यांचे पैसे तिच्या पदरात पडत नाहीत. ते प्रत्येक फर्ममध्ये असतात: बिल जाण्याआधीच पार्टनरने कापलेले, बिल गेल्यावर अशिलाने हरकत घेतली म्हणून सोडून दिलेले, ठरावीक फीच्या कामात अंदाजापेक्षा जास्त लागलेले, नवं काम मिळवायला प्रस्ताव लिहिण्यात गेलेले. आणि ज्येष्ठांनी तेच ते प्रश्न ऐकून तीच ती उत्तरं देण्यात घालवलेले, जे टाइमशीटवर कधी येतच नाहीत.

तेव्हा पहिली पायरी सॉफ्टवेअरच्या खोलीत नाही, अकाउंट्समध्ये आहे. मागच्या बारा महिन्यांत बंद झालेल्या मॅटर्सची, म्हणजे अशिलांच्या एकेका कामाची, यादी मागा आणि ती कामाच्या प्रकारानुसार लावा: सेवा करार, शेअर खरेदी, भाडेपट्टा, वसुलीचे दावे वगैरे. प्रत्येक मॅटरपुढे चार आकडे हवेत: नोंदवलेले तास, बिलात गेलेले तास, बिलाची रक्कम, प्रत्यक्ष आलेली रक्कम. पहिल्या दोहोंमधला फरक म्हणजे पार्टनरने कापलेला वेळ, शेवटच्या दोहोंमधला म्हणजे अशिलाने न दिलेले पैसे. हे दोन फरक एकत्र करू नका, कारण दोघांची दुखणी वेगळी असतात. बिलाआधी वेळ कापला जातो तेव्हा बहुधा ज्युनियरने काहीतरी शून्यापासून लिहिलेलं असतं आणि पार्टनरला ते अशिलाच्या माथी मारायची लाज वाटते. हे तुमच्या हातातलं दुखणं आहे. अशील बिल अडवतो त्यामागे मात्र बऱ्याचदा फीची बोलणी नीट झालेली नसतात. तिथे कितीही चांगलं टेम्प्लेट आणलंत तरी फरक पडायचा नाही.

या आकड्यांत एक खोट असते. ज्युनियर स्वतःहून तास कमी लिहितात. क्लॉज शोधण्यात तीन तास गेले, तर ‘मीच हळू आहे’ असं समजून एकच तास टाकतात. त्यामुळे तुमच्या कामाला सर्वांत उपयोगी असलेला वेळ नोंदीतून गायब असतो. तो काढायला माणसांशी बोलावं लागतं. आठ-दहा जणांबरोबर अर्धा-अर्धा तास बसा, त्यात निम्म्याहून जास्त ज्युनियर असू द्या. ‘तुम्हाला कोणतं नॉलेज हवंय?’ असं विचारू नका; त्याला ‘एक चांगला डेटाबेस हवा’ हेच उत्तर मिळतं, आणि त्याच उत्तरावर विसंबून फर्मा सॉफ्टवेअर घेतात. विचारा: मागच्या आठवड्यात शेवटचं काय शोधलंत? कुठे शोधलंत? सापडलं नाही तेव्हा कुणाला विचारलंत? तो काय म्हणाला? शक्य असेल तर शोधताना शेजारी बसून बघा.

बसलात, की साधारण असं दृश्य दिसतं. ज्युनियरला सेवा करारात इन्डेम्निटीचा, म्हणजे नुकसान भरून देण्याच्या हमीचा, क्लॉज हवा आहे. ती सर्चमध्ये शब्द टाकते, तीनशेच्या वर निकाल येतात. नावं अशी: ‘एसए फायनल’, ‘एसए फायनल क्लीन’, ‘एसए व्ही7 पार्टनरचे बदल’. तारीख सर्वांत अलीकडची म्हणून ती एक उघडते. करार सही झालेला आहे, म्हणजे बरोबरच असणार, असं धरून क्लॉज उचलते. त्या मॅटरमध्ये फर्म सेवा देणाऱ्याच्या बाजूने होती, आज ती घेणाऱ्याच्या बाजूने आहे. शिवाय त्या वेळी समोरच्याने शेवटच्या रात्री हट्ट धरला म्हणून नुकसानभरपाईची मर्यादा वार्षिक फीच्या निम्म्यावर आणली गेली होती. ती तडजोड आता कुणी न मागता दुसऱ्या अशिलाच्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये जाऊन बसते. पार्टनरच्या नजरेला पडलं, तर ड्राफ्ट पुन्हा लिहावा लागतो आणि तो वेळ बिलातून कापला जातो. नजरेतून सुटलं, तर प्रकरण त्याहून महाग पडतं.

तुमचे चार हजार दस्तऐवज का उघडले जात नाहीत, त्याचं उत्तर यातच आहे. सही झालेला करार हा वाटाघाटींचा शेवट असतो. कुठे माघार घेतली, कशासाठी घेतली, बदल्यात काय मिळवलं, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. ज्युनियरना ते एक-दोनदा पोळल्यावर कळतं, आणि मग ते शेजारच्या टेबलावर जातात. तिथे ड्राफ्ट तर मिळतोच, वर ‘हा घे, पण अकरावा क्लॉज काढ, तो त्या एका अशिलासाठी होता’ हेही मिळतं. हे दुसरं वाक्य तुमच्या सिस्टीममध्ये येईल, तेव्हा लोक सिस्टीम उघडतील.

म्हणून एक प्रॅक्टिस ग्रुप निवडा आणि त्यातला एकच कामाचा प्रकार. तीन कसोट्या लावा: वर्षाला असं काम किमान पंचवीस-तीस वेळा येतं का, त्यात वेळ कापला जातो का, आणि त्या ग्रुपचा एक तरी पार्टनर मनापासून सोबत आहे का. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. पार्टनर सोबत नसेल तर पहिल्या दोन कितीही चांगल्या असोत, दुसरा ग्रुप बघा. तुमच्या वर्णनावरून सेवा करार किंवा भाडेपट्टे यांपैकी एक बसेल असं वाटतं. मोठ्या अधिग्रहणांच्या मागे लागू नका. दिसायला ती भारदस्त असतात, पण प्रत्येक वेगळं असतं आणि तिथे अशील तासाचे पैसे सहसा कुरकुर न करता देतो.

आता टेम्प्लेट. मागच्या दोन वर्षांतले त्या प्रकारचे आठ-दहा करार घ्या. दोन्ही बाजूंचे हवेत. सही झालेली प्रत आणि तुमच्या फर्मने पाठवलेला पहिला ड्राफ्ट, अशा जोड्या लावा. या दोहोंची तुलना केली की कोणत्या क्लॉजवर समोरचे दरवेळी अडतात आणि फर्म दरवेळी कुठे येऊन थांबते, हे स्वच्छ दिसतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण खरं ज्ञान इथेच सापडतं. प्रत्येक क्लॉजखाली छोटी टीप लिहा: हा क्लॉज का आहे, कधी काढायचा, समोरचा काय मागतो, पहिली माघार कुठपर्यंत, दुसरी कुठपर्यंत, आणि त्यापलीकडे जायचं तर परवानगी कुणाची. टीप चार ओळींच्या वर गेली की वाचली जात नाही. अशिलाच्या बाजूनुसार बदलणारे क्लॉज एकाच दस्तऐवजात पर्याय म्हणून कोंबण्यापेक्षा दोन वेगळी टेम्प्लेट ठेवा. ‘योग्य तो पर्याय ठेवा’ अशा चौकटी कंसांनी भरलेल्या ड्राफ्टमधून चुकीचा पर्याय तसाच राहून जाणं ही रोजची गोष्ट आहे.

वरच्या भागात पाच गोष्टी दिसू द्या: आपण कुणाच्या बाजूने, कोणता कायदा लागू धरला आहे, टेम्प्लेटचा मालक कोण, शेवटचा आढावा कधी झाला, पुढचा कधी. मालक म्हणजे एक माणूस, नावानिशी. ‘कॉर्पोरेट टीम’ असं लिहिलंत, तर आढाव्याची तारीख आली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. आणि गोपनीयता विसरू नका. नुसतं नाव बदलून भागत नाही. व्याख्यांत, परिशिष्टांत, नोटीस पाठवायच्या पत्त्यांत, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, लपलेल्या कॉमेंट्समध्ये, न स्वीकारलेल्या ट्रॅक चेंजेसमध्ये जुना अशील उरतोच. जुनी फाइल ‘सेव्ह अॅज’ करून टेम्प्लेट बनवू नका. कोऱ्या फाइलमध्ये नुसता मजकूर फॉरमॅटिंगशिवाय आणा आणि स्टाइल्स नव्याने लावा. क्रमांक आणि क्रॉस रेफरन्स बिघडण्याचा निम्मा त्रास त्यानेच टळतो.

मध्यम लांबीच्या करारासाठी असोसिएटचे तीस ते चाळीस तास आणि पार्टनरचे चार ते सहा तास धरा. पार्टनरचे तास मिळवायची एक रीत आहे: त्यांना ड्राफ्ट ‘पाहून घ्या’ म्हणून पाठवू नका, तो इनबॉक्समध्ये तीन महिने पडून राहील. पंचेचाळीस मिनिटांच्या बैठका ठरवा, प्रत्येक बैठकीला फक्त वादाचे सहा-सात मुद्दे न्या, आणि प्रत्येक मुद्द्यावर ‘क की ख’ एवढंच विचारा. सर्वसंमतीची वाट बघू नका. त्याच ग्रुपमधल्या दोन पार्टनरांची वेगवेगळी मतं असली, तर टिपेत दोन्ही लिहा आणि डीफॉल्ट कोणतं ते मालकाला ठरवू द्या. एका समितीत अडकून दोन वर्षं ‘अंतिम टप्प्यात’ राहिलेली टेम्प्लेट पुष्कळ आहेत.

पहिल्या सहा महिन्यांत पाच टेम्प्लेट आणि दोन चेकलिस्ट पुरे. खरंच पुरे.

आढाव्याची तारीख ही नुसती शोभा नको. तारीख उलटली की दस्तऐवजावर ‘आढावा बाकी’ असा ठळक पट्टा यावा. दोनदा उलटली, तर दस्तऐवज मागे घ्यावा. कठोर वाटतं, पण जुनं टेम्प्लेट असण्यापेक्षा नसणं बरं. नसलं तर ज्युनियर निदान विचारायला तरी जातो. व्याजदराच्या क्लॉजचं उदाहरण घ्या. लायबोर म्हणजे असंख्य कर्जांचे दर ज्याला बांधलेले असत तो लंडनचा आंतरबँक व्याजदर; बँकांच्या पॅनेलवर आधारलेला डॉलर लायबोर 30 जून 2023 नंतर बंद झाला. लायबोर जाणार हे कर्जकरार लिहिणाऱ्यांना कित्येक वर्षं आधीपासून माहीत होतं. तरीही कोणकोणत्या टेम्प्लेटमध्ये तो दर बसलाय हे ज्या फर्मांना एका यादीतून सांगता येत नव्हतं, त्यांना एकेक फाइल उघडून बघावी लागली. तुमच्याकडे मोजकी, मालक असलेली टेम्प्लेट असतील तर कायदा बदलला की एका दुपारी सगळी तपासून होतात. ‘मोजकी’वर एवढा भर देण्याचं कारण हेच. देखभालीला प्रत्येकी वर्षाला दहा ते पंधरा तास लागतात, म्हणून तुमच्याकडे जेवढे तास आहेत तेवढीच टेम्प्लेट ठेवा.

जुने चार हजार? त्यांना ‘संग्रह’ असं नाव द्या आणि नेहमीच्या सर्चमधून वगळा. मुद्दाम खूण केली तरच ते निकालात यावेत. त्यातला एखादा दस्तऐवज कुणी कामासाठी काढलाच आणि उपयोगी ठरला, तर तोच तपासून वर आणायचा. बाकीचे फर्मच्या रेकॉर्ड जपण्याच्या नियमांप्रमाणे राहतील किंवा जातील. त्यांची चिंता तुम्ही करू नका.

कागदात न मावणारं ज्ञान हा दुसरा भाग. मॅटर बंद झाल्यावर भरायचा फॉर्म जवळपास प्रत्येक फर्म एकदा तरी काढून बघते आणि तो रिकामाच राहतो, कारण तो मिळतो तेव्हा टीम दुसऱ्या मॅटरमध्ये गळ्यापर्यंत बुडालेली असते. त्याऐवजी वीस मिनिटांची बैठक घ्या आणि लिहायचं काम स्वतःकडे ठेवा. प्रश्न चारच: काय व्हायचं ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. अमेरिकी लष्करात 1970च्या दशकापासून चालत आलेली ही पद्धत आहे. वकिलांकडे आणताना तिच्यात दोन बदल लागतात. एक, बोलण्याची सुरुवात सर्वांत ज्युनियरपासून करा. पार्टनर आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात आणि बैठक संपते. दोन, लिटिगेशनमध्ये मॅटर संपायची वाट पाहू नका. दावा वर्षानुवर्षं चालतो, तोवर निम्मी टीम बदललेली असते. अंतरिम आदेश, साक्षीपुरावा संपणं, तडजोड अशा टप्प्यांवर बसा. करारांच्या कामात सही झाल्यापासून दहा दिवसांच्या आत. निष्पत्ती अर्धं पान, आणि त्यातली निदान एक ओळ एखाद्या टेम्प्लेटच्या टिपेत किंवा चेकलिस्टमध्ये गेली पाहिजे. कुठेच गेली नाही, तर ती बैठक गप्पांत जमा. एक खबरदारी: अशिलाच्या हिताविरुद्ध जाईल किंवा फर्मवरच्या संभाव्य दाव्याशी संबंध येईल असं काही निघालं, तर ते या नोंदींत लिहू नका. थेट फर्मच्या जोखीम सांभाळणाऱ्या पार्टनरकडे न्या.

‘कुणाला काय येतं’ याची यादीही हवी, पण ती लोकांकडून भरून घेऊ नका. प्रत्येक जण ‘कॉर्पोरेट सल्ला’ असं लिहून मोकळा होतो, आणि ज्याला खरंच येतं त्याला संकोचाने लिहवत नाही. टाइमशीटमधून काढा: मागच्या तीन वर्षांत कोणत्या प्रकारच्या मॅटरवर कुणाचे किती तास. मोठे अशील ई-बिलिंगसाठी यूटीबीएमएसचे (वकिली कामाच्या प्रकारांना दिलेले प्रमाणित) टास्क कोड मागत असतील, तर हे काम आणखी सोपं होतं. यादी तयार झाली की ती संबंधितांना एकदा दाखवून मगच खुली करा. एखाद्याला ते काम पुन्हा करायचंच नसतं, हेही कळतं.

आता तुमच्या स्वतःच्या वेळेचं. ‘नेहमीचं काम सांभाळून’ ही अट या सगळ्यातली सर्वांत कच्ची कडी आहे. बिल होणारं काम आणि न होणारं काम एकाच दिवसात ठेवलं की दुसरं नेहमी हरतं. इंग्लंडमधल्या मोठ्या फर्मांनी यासाठी प्रोफेशनल सपोर्ट लॉयर हे वेगळं पदच ठेवलं: पूर्ण शिकलेला, अनुभवी वकील, पण बिलाचं उद्दिष्ट नसलेला. साठ वकिलांच्या फर्मला पूर्णवेळ माणूस लगेच परवडेल असं नाही, पण आठवड्यातले दोन ठरलेले दिवस आणि त्या प्रमाणात कमी केलेलं बिलिंगचं उद्दिष्ट, हे लेखी मागा. बाकी असोसिएटसाठी टाइमशीटवर या कामाचा वेगळा कोड हवा आणि त्यातले ठरावीक तास, म्हणजे समजा वर्षाला चाळीस, वार्षिक उद्दिष्टात धरले जायला हवेत. हे झालं नाही तर तुम्ही लोकांकडे उपकार मागत फिराल. ‘महिन्याचा सर्वोत्तम योगदानकर्ता’ छापाची बक्षिसं मात्र टाळा. त्याने भरताड वाढते.

एआयबद्दल थोडक्यात. टूल चांगलं की वाईट यापेक्षा ते कशावर चालणार आहे, हे बघा. तुमच्या चार हजारांवर सोडलंत, तर मघाचाच तडजोडीचा क्लॉज ते सफाईदार भाषेत पुढे करेल, आणि ज्युनियरच्या मनात उरलीसुरली शंकाही राहणार नाही. तपासलेल्या पाच टेम्प्लेट आणि त्यांच्या टिपांवर चालवलंत, तर पहिला ड्राफ्ट बरा निघू शकतो. कोर्टाच्या निकालांच्या बाबतीत न्यूयॉर्कमधला माटा विरुद्ध अव्हियांका हा खटला सगळ्यांना माहीत असायला हवा: वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टापुढे ठेवले आणि जून 2023मध्ये 5,000 डॉलरचा दंड झाला. त्यामुळे ‘प्रत्येक उद्धृत निकाल मूळ प्रतीतून तपासला’ ही ओळ तुमच्या दोन चेकलिस्टपैकी एकीत असू द्या. टूल घेण्याआधी तीन गोष्टी लेखी मिळवा. आपला मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाणार नाही ना? हितसंबंधांच्या कारणाने ज्या मॅटर्सभोवती भिंत घातली आहे, म्हणजे ज्यांच्या फाइली फर्ममधल्या काहींना बंद आहेत, ती टूलच्या सर्चलाही लागू होते ना? आणि कोणत्या अशिलांनी आपल्या करारपत्रात असा वापर मना केला आहे? तिसऱ्याचं उत्तर विक्रेता देऊ शकत नाही, ते तुमच्या फर्मलाच आपल्या फाइलींतून काढावं लागेल.

कुणी तुम्हाला आयएसओ 30401 सुचवेल. ते 2018 साली आलेलं नॉलेज मॅनेजमेंटचं प्रमाणमानक आहे. त्याची रचना वाचण्याजोगी आहे, पण प्रमाणपत्राच्या मागे आत्ता लागायची गरज नाही.

उरला मॅनेजिंग पार्टनरांना द्यायचा हिशेब. किती दस्तऐवज, किती डाउनलोड, किती लॉगिन हे आकडे त्यांच्यासमोर नेऊ नका. ते विचारतील, ‘मग?’ काम सुरू करायच्या आधीच निवडलेल्या प्रकाराची आधारपातळी काढून ठेवा: मागच्या वर्षभरातल्या प्रत्येक मॅटरचे तास, कापलेले तास, पार्टनरने पहिल्या ड्राफ्टवर घालवलेले तास. नंतर तेच आकडे नव्या मॅटर्ससाठी. सरासरीपेक्षा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) वापरा, कारण एखादं चिघळलेलं मॅटर सरासरी कुठल्या कुठे नेऊन ठेवतं. टेम्प्लेट खरंच वापरलं का, हे तपासायला त्याच्या फूटरमध्ये किंवा फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये छोटा कोड ठेवा. लोकांना विचारलंत तर सगळेच ‘हो’ म्हणतात. बाहेर पाठवायच्या प्रतीतून तो कोड निघून जाईल, हेही पाहा.

मांडणी अशी करता येईल. समजा, वर्षाला चाळीस सेवा करार येतात आणि प्रत्येकात सरासरी सहा तास बिनपैशाचे जातात, म्हणजे 240 तास. टेम्प्लेटने त्यातले निम्मे वाचले, तर 120. बनवायला 45 आणि पहिल्या वर्षाच्या देखभालीला 15 लागले, म्हणजे 60. निव्वळ साठ तास पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षापासून शंभराच्या वर. इथेच बरेच जण थांबतात आणि मार खातात, कारण मुरलेला मॅनेजिंग पार्टनर लगेच म्हणतो: असोसिएटचा पगार तर तेवढाच जातोय, मग वाचलेल्या तासांचं झालं काय? त्याचं उत्तर तयार ठेवा. ते तास बिल होणाऱ्या दुसऱ्या कामात गेले का? तेवढ्याच माणसांत जास्त मॅटर्स घेतली का? ठरावीक फीचा दर स्पर्धेसाठी खाली आणूनही नफा टिकला का? यांपैकी एक तरी आकड्यानिशी दाखवता आलं पाहिजे. ज्या ग्रुपकडे मुळातच काम कमी आहे, तिथे वाचलेल्या तासाचे पैसे होत नाहीत. म्हणून पहिला ग्रुप निवडताना कामाने दबलेला निवडा, हे वरच्या तीन कसोट्यांच्या जोडीला धरा. आणि बारा-पंधरा मॅटर्सवरून टक्केवारीचे मोठे दावे करू नका. आकडे जसेच्या तसे ठेवा, सोबत त्या ग्रुपच्या पार्टनरला दोन मिनिटं बोलायला सांगा. मॅनेजिंग पार्टनर तुमच्या तक्त्यापेक्षा दुसऱ्या पार्टनरच्या शब्दावर लवकर विश्वास ठेवतील, हे धरूनच चला.

शेवटी ते ज्येष्ठ पार्टनर. त्यांच्याकडे ड्राफ्ट मागणं सोडून द्या. बहुतेकदा नकारामागे दोनच कारणं असतात: आपण घडवलेलं दुसरा कुणी बिघडवेल आणि नाव आपलं लागेल, किंवा आपल्याकडे लोक येतात ते याचसाठी. दोन्ही समजण्यासारखी आहेत, आणि वाद घालून ती जात नाहीत. पण ते ज्युनियरांचे ड्राफ्ट तपासतातच ना? त्यांनी केलेल्या दुरुस्त्यांच्या प्रती, ट्रॅक चेंजेससकट, त्या ज्युनियरांकडून तीन महिने जमवा. आधी त्यांना तसं सांगून, लपूनछपून नाही. त्याच त्या दुरुस्त्या पुन्हा पुन्हा दिसतील: अमुक शब्द खोडला, नोटिशीची मुदत वाढवली, ‘वाजवी प्रयत्न’ काढून ठाम बंधन घातलं. पाचपेक्षा जास्त वेळा आलेल्या दुरुस्त्यांची एक पानाची यादी करा आणि ती घेऊन त्यांच्याकडे जा. विचारा, ‘हे बरोबर टिपलंय का?’ यादीतलं काहीतरी चुकलेलं असेल आणि ते लगेच पेन उचलून दुरुस्त करतील. ते पान टेम्प्लेटच्या टिपांमध्ये गेलं की मालक म्हणून त्यांचं नाव घालायची परवानगी मागा.